अमेरिकेत जपानी स्पोर्ट्स कार कायदेशीर मार्गानं कशी आणावी

निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर३४, सिल्व्हिया एस१५, टोयोटा चेसर जेझेडएक्स१००, मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन ६. या गाड्या अमेरिकेत नव्या असताना कधी विकल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे त्या इथल्या सुरक्षा आणि प्रदूषणाच्या नियमांसाठी प्रमाणितही झाल्या नाहीत. तरीही त्या रीतसर आणता येतात. हजारो लोकांनी आणल्या आहेत. ज्यांची फसगत होते त्यांची बहुतेक वेळा एकाच कारणानं होते: आधी गाडी आवडते, पैसे जातात आणि मग कागद पाहिले जातात. क्रम उलटा ठेवा. आधी तारीख, मग कागद, मग गाडी.

तीन सरकारी खात्यांशी तुमचा संबंध येतो. सुरक्षेचे नियम पाहणारं एनएचटीएसए, प्रदूषण पाहणारं ईपीए आणि बंदरावर गाडी सोडणारं कस्टम्स, म्हणजे सीबीपी. पहिल्या दोघांच्या वयाच्या अटी वेगळ्या आहेत. एनएचटीएसएसाठी गाडी तयार होऊन २५ वर्षं पूर्ण झालेली हवीत, ईपीएसाठी २१. ही २५ वर्षांची सवलत १९८८ च्या कायद्यानं आली. ती मिळाली की एअरबॅग, बंपर, दिवे यांपैकी कशातही संघीय नियमासाठी बदल करावा लागत नाही. स्टिअरिंग उजवीकडे असण्याला संघीय कायद्याची हरकत नाही.

तारीख

२५ वर्षं मोजायची ती गाडी कारखान्यात तयार झाल्याच्या तारखेपासून, मॉडेल इयरपासून नाही. आर३४ जीटी-आर जानेवारी १९९९ ते ऑगस्ट २००२ या काळात बनली, म्हणून तिची दारं जानेवारी २०२४ पासून महिन्यामहिन्यानं उघडत गेली. 'ती २००१ ची आहे' एवढं विक्रेत्याचं म्हणणं पुरत नाही. मे २००१ ची गाडी मार्च २०२६ मध्ये बंदरावर उतरली तर ती बेकायदा आहे, भले वर्ष जुळत असो.

अडचण अशी की जपानच्या नोंदणीच्या कागदावर उत्पादनाची तारीख नसते. तिथे असतो पहिल्या नोंदणीचा महिना, तोही जपानी सम्राटांच्या कालगणनेत. हेइसेइ १३ असं लिहिलं असेल तर त्यात १९८८ मिळवा, २००१ येईल. हेइसेइ ११ म्हणजे १९९९. नोंदणी उत्पादनानंतरच होते, त्यामुळे पहिल्या नोंदणीलाच २५ वर्षं झाली असतील तर तुम्ही निर्धास्त आहात. गाडीवर उत्पादनाची तारीख नसताना असा नोंदणीचा कागद एनएचटीएसए पुरावा म्हणून मान्य करतं. नोंदणीनं अजून २५ पूर्ण झालेली नाहीत पण उत्पादन आधीचं आहे असा दावा असेल, तर चासी नंबरावरून काढलेल्या उत्पादन तारखेचा भक्कम लेखी पुरावा हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि जहाज वेळेआधीही पोचू शकतं, हे धरून एक पूर्ण महिना मोकळा ठेवा.

ईपीएच्या २१ वर्षांना एक शेपूट आहे, जी अनेकांच्या लक्षात येत नाही: गाडी मूळ, न बदललेल्या स्थितीत असायला हवी. ज्या गाडीत दुसऱ्याच जातीचं इंजिन बसवलं आहे, ती वयानं बसली तरी या सवलतीत आपोआप बसत नाही. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकलेली गाडीही टाळा. चाकं, सस्पेन्शन, सीट बदललेली असणं वेगळं. इंजिन आणि धुराची यंत्रणा मूळचीच असू द्या.

२५ वर्षांहून लहान गाडी

जवळजवळ प्रत्येक वेळी उत्तर 'थांबा' हेच आहे. एक वाट नोंदणीकृत आयातदाराची आहे. ते मॉडेल एनएचटीएसएच्या पात्र गाड्यांच्या यादीत असावं लागतं, गाडी बंदरावर येण्याआधी त्या आयातदाराशी करार लागतो, गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड, म्हणजे हमी, भरावा लागतो आणि १२० दिवसांत गाडी अमेरिकी नियमांना उतरवून दाखवावी लागते. यादीत नसलेलं मॉडेल यादीत आणायचं तर ते नियमांत बसवता येतं हे चाचण्यांनी सिद्ध करावं लागतं, आणि तो खर्च एका माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

दुसरी वाट 'शो ऑर डिस्प्ले'. तंत्रज्ञान किंवा इतिहासाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या, साधारणपणे ५०० किंवा त्याहून कमी संख्येनं बनलेल्या गाड्यांसाठी ही परवानगी आहे. पोर्शे ९५९ हे तिचं गाजलेलं उदाहरण. अर्ज गाडी निघण्याआधी मंजूर व्हावा लागतो आणि नंतर बारा महिन्यांत २,५०० मैलांपेक्षा जास्त चालवता येत नाही. गाडी २१ वर्षांहून लहान असेल तर ईपीएची अट वेगळी पाळावी लागते ती लागतेच.

तिसरी वाट म्हणून जे कानावर येतं ते सगळं फसवं आहे. गाडी सुटी करून इंजिन एका खोक्यात आणि सांगाडा दुसऱ्यात आणणं, जुन्या गाडीचा नंबर नव्या गाडीवर चढवणं, कॅनडात पंधरा वर्षांच्या नियमानं उतरवून मग सीमा ओलांडणं. २०१४ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी एकाच मोहिमेत ४० लँड रोव्हर डिफेंडर जप्त केल्या, त्या अशाच संशयावरून, आणि तेव्हा त्या मालकांच्या अंगणातून उचलून नेल्या गेल्या. बंदरावरून सुटली म्हणजे सुटली असं नाही.

गाडी पाहणं

जपानमधल्या बहुतेक चांगल्या गाड्या व्यापाऱ्यांच्या लिलावातून जातात. चिबा प्रांतातल्या नोदा इथला यूएसएस टोकियोचा लिलाव दर गुरुवारी भरतो आणि एकेक गाडी काही सेकंदांत निघते. बोली फक्त सभासद लावू शकतात, म्हणून तुम्हाला निर्यातदार एजंट लागतो. एजंटची खरी परीक्षा म्हणजे तो लिलावाचा मूळ कागद देतो का. भाषांतर केलेला सारांश नको, मूळ कागदाचा पूर्ण फोटो मागा.

त्या कागदावर उजव्या वरच्या कोपऱ्यात गुणांकन असतं. ४.५ आणि ४ म्हणजे उत्तम राखलेली, ३.५ म्हणजे वयाच्या खुणा असलेली पण सरळ गाडी. आर किंवा आरए म्हणजे दुरुस्तीचा इतिहास, आणि जपानमध्ये हा शब्द काटेकोर अर्थानं वापरतात: सांगाड्याचा भाग, म्हणजे पुढचा क्रॉस मेंबर, खांब, छत, फ्लोअर यांपैकी काही बदललं किंवा सरळ केलं आहे. नुसता मडगार्ड किंवा बोनेट बदललेली गाडी आर ठरत नाही. आतल्या बाजूसाठी वेगळं अक्षर असतं, ए सर्वांत चांगलं.

खालच्या बाजूला गाडीचा उलगडलेला नकाशा असतो आणि त्यावर खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त करून रंगवल्याची लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे गंजानं खाल्लेला पत्रा, एक्सएक्स म्हणजे बदललेला भाग. पुढचा आकडा तीव्रता सांगतो, १ किरकोळ, ३ मोठं. दारावर ए२ असेल तर घाबरू नका, पंचवीस वर्षांच्या गाडीला ते असणारच. सी२ मात्र रॉकर पॅनेलवर, म्हणजे दाराखालच्या पत्र्यावर, दिसला, तर ३.५ चं गुणांकन असूनही ती गाडी सोडून द्या, कारण वरून दिसणाऱ्या भोकाच्या मागे आतला दुसरा पत्रा गेलेला असतो. तपासनीसानं हातानं लिहिलेल्या ओळी भाषांतर करून घ्या. मीटर बदलला असेल किंवा रनिंगबद्दल शंका असेल तर ते तिथेच लिहिलेलं असतं. खुणांची पद्धत लिलावघरागणिक थोडी बदलते, म्हणून एजंटला त्या घराची सूची मागा.

कागद चांगला असला तरी प्रत्यक्ष तपासणीसाठी माणूस पाठवा. स्कायलाइनमध्ये पुढचे स्ट्रट टॉवर (सस्पेन्शनचं वरचं टोक जिथे बसतं तो भाग), जॅक लावायच्या जागा आणि मागच्या चाकांच्या कमानी इथे गंज धरतो. स्ट्रट टॉवरच्या शिवणीवर रबरी सीलर फुगलेला किंवा नव्यानं फासलेला दिसला तर त्याखाली गंज आहे असं समजून चाला. जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करून सहाही सिलिंडरचे आकडे लेखी घ्या. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. मूळ टर्बोचं टर्बाइन चाक बहुतेक जीटी-आरमध्ये सिरॅमिकचं आहे. बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवून चालवलं की ते तुटतं. आर३२ या जुन्या पिढीतल्या जीटी-आरच्या सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल पंप फिरवणारी क्रँकशाफ्टवरची कड अरुंद आहे; जोरात चालवलेल्या गाडीत ती आणि पंपाचे दाते झिजून इंजिन तेलावाचून मरतं. अशी गाडी घेतलीत तर रुंद कडेची कॉलर आणि नवा पंप यांचा खर्च किमतीत धरा.

खरी जीटी-आर आहे का, हे चासी नंबरावरून ठरतं. बोनेट उघडलं की फायरवॉलवर निळी पट्टी असते आणि नंबर पत्र्यातही ठोकलेला असतो. बीएनआर३४ ने सुरू होणारा नंबर म्हणजे जीटी-आर. ईआर३४ म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणारी साधी स्कायलाइन, तिला बाहेरून जीटी-आरचं सोंग देता येतं. पट्टी स्क्रूनं निघते, म्हणून ठोकलेल्या नंबराचा जवळून, तिरक्या उजेडात घेतलेला फोटो मागा. अक्षरांची उंची एकसारखी हवी, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे किंवा रंगाचा जाड थर नको, आणि पट्टी, पत्रा, नोंदणीचा कागद या तिन्हींवर नंबर अक्षरशः एकच हवा.

पैसे आणि जपानी कागद

गाडी निर्यातीसाठी नोंदणीतून काढली की जपान सरकार एक प्रमाणपत्र देतं, युशुत्सु माश्शो करी तोरोकु शोमेइशो. हाच कागद इथे मालकीचा मूळ पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे त्याची मूळ प्रत आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर दोन्ही मिळणार हे पैसे पाठवण्याआधी लिहून घ्या. त्याला मुदत असते. निर्यात लांबली तर तो नव्यानं काढावा लागतो.

इनव्हॉइसवर गाडीची किंमत, जपानमधला खर्च आणि समुद्रभाडं वेगवेगळ्या ओळींत हवं. अमेरिकेत कस्टम्स ड्यूटी आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा वगळून लागते, पण ते वेगळं दाखवलं असेल तरच. किंमत कमी दाखवण्याची तयारी एजंटनं आपणहून दाखवली तर त्या एजंटपासून दूर राहा. तो गुन्हा तुमच्या नावावर नोंदला जातो, त्याच्या नाही.

वायर ट्रान्सफर करण्याआधी बँक खातं कंपनीच्याच नावावर आहे का पाहा आणि खाते क्रमांक फोनवर, आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर विचारून पडताळा. ऐनवेळी ईमेलमधून 'खातं बदललं आहे' असं येणं ही चोरीची ठरलेली रीत आहे.

आणि नाव. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते फक्त आद्याक्षर होतं किंवा गळतं. इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), कस्टम्सचे फॉर्म आणि टायटलचा, म्हणजे राज्याच्या मालकीपत्राचा, अर्ज या सगळ्यांवर तुमच्या राज्याच्या लायसन्सवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट एकच नाव घाला. बिल ऑफ लेडिंगवर एक अक्षर चुकलं तरी दुरुस्ती शिपिंग कंपनीकडून करून घ्यावी लागते, आणि तोवर बंदराचं भाडं चढत राहतं.

जहाज

रोरो जहाजात गाडी चालवत चढवतात. स्वस्त आणि सरळ. कंटेनर महाग, पण सुट्या वस्तूंची चोरी टळते आणि बंद पडलेली गाडीही येऊ शकते. दुर्मीळ गाडीसाठी कंटेनरच घ्या. रोरोनं पाठवत असाल तर गाडीत एकही सुटी वस्तू ठेवू नका, गिअर नॉब आणि स्टिरिओसुद्धा मौल्यवान असेल तर काढून वेगळा पाठवा, पेट्रोल पाव टाकीपेक्षा जास्त नको. सागरी विमा पूर्ण किमतीचा घ्या. फक्त जहाज बुडालं तरच भरपाई देणारी पॉलिसी स्वस्त असते, पण दाराला पडलेल्या पोच्याला ती काही देत नाही.

गाडीची खालची बाजू वाफेनं धुऊन घ्या. परदेशी माती चिकटलेली दिसली तर शेतीखात्याच्या नियमानं ती अडकते आणि धुण्याचा खर्च बंदराच्या दरानं पडतो.

याच टप्प्यावर इथला कस्टम्स ब्रोकर ठरलेला असायला हवा, गाडी पोचल्यावर नाही. कारण आयएसएफ नावाची आगाऊ माहिती गाडी जपानमध्ये जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी भरायची असते. ती चुकली किंवा उशिरा गेली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. एजंटला वाटतं ब्रोकर भरेल, ब्रोकरला जहाजाचं नावच कळलेलं नसतं. दोघांना एकाच ईमेलमध्ये घ्या आणि आयएसएफ भरल्याची पावती मागा.

बंदरावर

ब्रोकरला तुम्ही ५२९१ क्रमांकाच्या फॉर्मनं मुखत्यारपत्र देता. २,५०० डॉलरवरच्या गाडीला औपचारिक एंट्री आणि बाँड लागतो. तुमच्यासाठी महत्त्वाचे तीन कागद आहेत. एचएस-७, त्यावर २५ वर्षांच्या गाडीसाठी पहिला चौकोन. ईपीएचा ३५२०-१, त्यावर २१ वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाडीचा कोड ई. आणि कस्टम्सचा एंट्री समरी फॉर्म ७५०१. तिन्हींवरचा चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना स्वतः डोळ्यांखालून घाला. ब्रोकर रोज कपडे आणि फर्निचर सोडवत असेल तर त्याच्या हातून चुकीचा चौकोन खुणावला जाऊ शकतो. जुन्या गाड्या नेहमी सोडवणारा ब्रोकर शोधणं सार्थकी लागतं.

मूळ ड्यूटी प्रवासी गाडीला २.५ टक्के. त्यावर ०.३४६४ टक्के प्रक्रिया शुल्क आणि ०.१२५ टक्के बंदर देखभाल शुल्क. ४०,००० डॉलरच्या गाडीला १,००० अधिक सुमारे १३९ अधिक ५०, म्हणजे साधारण १,१८९ डॉलर. एप्रिल २०२५ मध्ये आयात गाड्यांवर लादलेल्या २५ टक्के जादा शुल्कातून २५ वर्षांहून जुन्या गाड्या वगळल्या आहेत, पण ती सूट एंट्रीमध्ये योग्य कोड टाकला तरच मिळते. जादा शुल्काचे नियम वारंवार बदलत आले आहेत, म्हणून बोली लावण्याआधी ब्रोकरकडून त्या आठवड्याचा आकडा लेखी घ्या. याखेरीज टर्मिनलचं शुल्क, ब्रोकरची फी आणि कस्टम्सनं तपासणीला काढली तर तिचा खर्च. मोफत दिवस मोजके असतात, नंतर दररोज भाडं लागतं. बंदराच्या आवारात जायला सुरक्षा ओळखपत्र लागतं, त्यामुळे स्वतः जाऊन चालवत आणण्यापेक्षा ते ओळखपत्र असलेला वाहतूकदार ठरवा.

राज्याची नोंदणी

इथे लोकांचा सर्वांत जास्त वेळ जातो. गाडी संघीय नियमांत बसली तरी टायटल राज्य देतं, आणि प्रत्येक राज्याची मागणी वेगळी. निर्यात प्रमाणपत्र आणि भाषांतर, बिल ऑफ सेल, बिल ऑफ लेडिंग, ७५०१, एचएस-७ हे सगळीकडे जवळ ठेवा. काउंटरवरची पहिली अडचण ठरलेली: संगणकाला १७ अक्षरी नंबर हवा असतो, जपानी चासी नंबर छोटा असतो. तो शून्यं घालून लांबवू देऊ नका. सतरा अक्षरांची सक्ती १९८१ पासूनच्या अमेरिकी बाजारातल्या गाड्यांना आहे हे समजावून सांगा, वरिष्ठांकडे पाठवायला सांगा, गरज पडली तर पोलिसांकडून नंबराची पडताळणी करून आणा. चुकीच्या नंबरानं टायटल निघालं तर विमा आणि पुढची विक्री दोन्ही अडतात.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर गाडी घेण्याआधी इथेच थांबून विचार करा. तिथलं प्रदूषण मंडळ ईपीएची २१ वर्षांची सवलत मानत नाही. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना सूट आहे. बाकीच्यांना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत बदल करून चाचणी पास व्हावी लागते आणि त्यात हजारो डॉलर जातात. मॉन्टानात कंपनी काढून तिची नंबर प्लेट लावणं हा उपाय नाही. गाडी कॅलिफोर्नियात राहते हे दिसलं की कर, दंड आणि नोंदणीचा प्रश्न एकदम समोर येतो.

विमा आधीच बोलून ठेवा, आणि ठरलेल्या मूल्याची पॉलिसी घ्या. साधी पॉलिसी बाजारभावाच्या तक्त्यातून किंमत काढते आणि त्या तक्त्यात ही गाडी नसतेच.

रस्त्यावर काढण्याआधी

टायमिंग बेल्टच्या बदलाचा जपानी सर्व्हिस बुकमधला शिक्का सापडला नाही, तर तो झालेला नाही असं धरून बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदला. टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहा: ३२१५ म्हणजे २०१५ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी दहा वर्षांचा टायर जीटी-आरवर ठेवू नका.

हेडलाइट रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालणाऱ्या देशासाठी बनलेले आहेत, त्यांचा झोत डावीकडे वर उचलतो आणि इथे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. झोत थोडा खाली करणं ही तात्पुरती सोय. काही राज्यांच्या तपासणीत दिवेच बदलावे लागतात.

पेट्रोलकडे विशेष लक्ष द्या. आरबी२६ जपानच्या १०० ऑक्टेनच्या आसपासच्या हाय-ऑक्टेन पेट्रोलवर जुळवलेलं आहे. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीनं काढतात: इथलं ९३ म्हणजे तिथल्या मोजणीनं साधारण ९८, इथलं ९१ म्हणजे ९५-९६. मूळ बूस्टवर ९३ चालतं. पण बूस्ट वाढवून जपानी पेट्रोलवर ट्यून केलेली गाडी इथे ९१ वर दाबून चालवली तर नॉकिंग होऊन पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते. आधी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मूळचा आहे का पाहून घ्या, नसेल तर इथल्या पेट्रोलवर डायनोला, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राला, लावून पुन्हा ट्यून करा, आणि तोवर टर्बो पूर्ण भरू देऊ नका.